पहाटेची वाटणी

चैत्रात विदर्भातल्या जंगलांत मोहाची झाडं रात्रभर फुलं गाळत असतात. उजाडायच्या आत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडलेला असतो. ऊन चढेपर्यंत थांबलं तर गुरं तो खाऊन टाकतात, हरणं खातात, नाही तर दुसरंच कोणी वेचून नेतं. म्हणून चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडच्या बायका अंधारातच टोपली घेऊन घराबाहेर पडतात. वाळवलेलं मोहफूल विकून कितीतरी घरांचा तेल-मिठाचा खर्च भागतो. आणि त्याच वेळी, त्याच झाडाखाली अस्वलही आलेलं असतं. मोहफूल त्यालाही तितकंच प्रिय.

माणूस आणि वन्यप्राणी यांच्या संघर्षाची चर्चा आपण नेहमी हद्दीवरून करतो. प्राणी गावात शिरला की माणूस जंगलात घुसला, एवढंच विचारतो. मोहाखाली हा प्रश्न गैरलागू ठरतो. २००६च्या वनहक्क कायद्यानं तिथं फूल वेचण्याचा हक्क त्या बाईला दिला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वलाला पहिल्या अनुसूचीत घालून अभय दिलं आहे. दोघंही आपापल्या हक्काच्या जागी उभी आहेत. इथं जागेची वाटणी होऊ शकत नाही. होऊ शकते ती वेळेची. माझ्या मते सहजीवनाचा सगळा प्रश्न या वाटणीत आहे, आणि ती लावून देणारे स्वयंसेवक गावातलेच असावे लागतात.

उत्तर अमेरिकेत अस्वलांसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांचं काम याहून बरंच वेगळं आहे. कॅनडातलं व्हिसलर किंवा कोलोरॅडोतलं बोल्डर घ्या. तिथलं काळं अस्वल वस्तीत येतं ते कचऱ्याच्या वासानं आणि परसातल्या सफरचंदांच्या ओढीनं. त्यामुळे अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या बसवायच्या, पिकलेली फळं वेळेवर उतरवायची, शेजाऱ्यांना समजावत राहायचं, हा तिथला शिरस्ता. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी गोळीला बळी पडतं, हे तिथल्या लोकांनी अनुभवानं ओळखलं आहे. आमिष हटवलं की वाटा वेगळ्या होतात. आपल्याकडे मोहाचं झाड कसं हटवणार? ते दोघांचंही पोट भरतं.

त्यात आपल्या अस्वलाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ते माणसाची शिकार करत नाही. वाळवी, मुंग्या, मध, जांभळं, टेंभरं यांवर ते जगतं आणि विष्ठेतून बिया पेरत जंगल वाढवतं. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. त्या ओढण्याचा आवाज माणसाला लांबूनही ऐकू येतो, पण खाण्यात गढलेल्या अस्वलाला मात्र माणसाची चाहूल लागत नाही. नजर मंद, सगळी भिस्त नाकावर. वारा उलटा असला की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. वाघाच्या शेजारात पिढ्यानपिढ्या तगलेला हा प्राणी दचकला की पळत बसत नाही, थेट अंगावर येतो. पाठीवर पिल्लं असतील तर बोलायलाच नको. वार बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर होतो. माणूस वाचला तरी डोळा, नाक, जबडा यांपैकी काही ना काही गमावून बसतो.

म्हणजे बहुतेक हल्ल्यांच्या मुळाशी द्वेष नसतो, अवचित गाठ पडलेली असते. गाठ टळली की हल्ला टळतो. गावातले स्वयंसेवक सांगतात ते यासाठीच. एकटीदुकटी जाऊ नका, चौघी-पाचजणी मिळून जा. मोठ्यानं बोलत चला. वाकून वेचताना एकीनं उभं राहून चौफेर लक्ष ठेवा. वेचणं सोपं व्हावं म्हणून पाला पेटवू नका, झाडाखाली जाळी अंथरा. अस्वल दिसलंच तर धावू नका. अंगावर आलं तर पालथं पडा आणि दोन्ही हातांनी मान झाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फटफटल्याशिवाय निघू नका.

हीच शेवटची सूचना पाळणं सगळ्यात अवघड. वनखात्याचा फलक सांगतो, ‘पहाटे जंगलात जाऊ नये.’ त्यावर बाई विचारते, ‘मी उशिरा गेले आणि माझ्या झाडाखालचं दुसरीनं नेलं तर?’ या प्रश्नाला फलकाकडे उत्तर नाही. गावातल्या माणसाकडे आहे. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे अनेक गावांत रीतीनं ठरलेलं असतं आणि ते त्याला तोंडपाठ असतं. एकीनं उशिरा जायचं ठरवलं तर तिचं नुकसान. सगळ्या गावानं ठरवलं तर नुकसान कोणाचंच नाही. ग्रामसभेनं निघायची वेळ बांधून दिली आणि चार विश्वासू माणसांनी ती पाळली जाते का याकडे लक्ष ठेवलं, तर सूर्योदयाच्या आधीचा वेळ अस्वलाचा आणि नंतरचा माणसाचा राहील. जीव वाचवण्याचा उपदेश पोटाच्या हिशोबात बसला तरच ऐकला जातो.

स्वयंसेवकाला जास्त आवरावं लागतं ते माणसांनाच. अस्वल वस्तीत शिरलं की पाचपन्नास पोरं मोबाईल उंचावून त्याच्या मागे धावतात, कोणी दगड भिरकावतं. कोंडीत सापडलेलं जनावर समोर येईल त्याला फाडतं. ताडोबाभोवतीच्या गावांत वनविभागानं स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं उभी केली आहेत. अशा प्रसंगी त्यांचं पहिलं काम गर्दी मागे सारून जनावराला जायला वाट मोकळी करून देणं हेच असतं. त्या वेळी ‘मागं सर रे’ म्हणणारा काका ओळखीचा असला तर पोरगं ऐकतं, गणवेशातल्या परक्या माणसाशी हुज्जत घालतं. प्रेमानं खाऊ घालणाऱ्यांनाही आवरावंच लागतं. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यातल्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादाला येतात आणि भाविक कौतुकानं पाहतात. त्या भावनेचा मला आदर आहे, पण माणसाची भीड चेपलेलं अस्वल उद्या कोणाच्या अंगणात उभं राहील, याचा विचार भक्तीनंही करायला हवा.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. सहजीवन हवं असं म्हणणारे आपण बहुतेक जण शहरांत राहतो आणि त्याची किंमत मात्र अंधारात टोपली घेऊन निघणारी बाई मोजते. तिची राखण करणारा तरुण अनेकदा स्वतःची मजुरी बुडवून हे करतो. त्याच्या हातात धड टॉर्च नसतो, पाठीशी विमा नसतो. त्याला सेवाभावी म्हणून गौरवणं सोपं आहे. पण सेवाभावाच्या नावाखाली फुकटात जोखीम उचलायला लावणं हा अन्याय आहे. मोहाच्या आणि मेमधल्या तेंदूपत्ता तोडणीच्या हंगामात तरी या कामाला रोजंदारी मिळाली पाहिजे. जखमी बाईला हेलपाटे न घालता भरपाई आणि चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेसह पूर्ण उपचार मिळाले पाहिजेत. विकत घ्यावी न लागता जाळी गावात पोचली पाहिजे.

अस्वलाला वाचवायचं तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आधी वाचवावं लागेल. ज्या घरात कोणाचा डोळा गेला, त्या घराकडून अस्वलाबद्दल दयेची अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. पण ज्या गावात दोन-चार हंगाम अंगावर ओरखडाही न उमटता मोहफूल घरात आलं, ते गाव अस्वलाला आपणहून वाट देईल. वेळेची ही वाटणी गावानं करायची, तिचा खर्च मात्र आपण सगळ्यांनी उचलायचा.