ओळखीचं वाटणारं बेट

मॉरिशसला दीर्घ मुक्कामासाठी आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक मोह होतो, इथलं सगळं आपलंच आहे असं समजण्याचा. गाड्या डावीकडून धावतात, चलनाला रुपयाच म्हणतात, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर डाळपुरी मिळते. भरडलेली पिवळी डाळ आत भरलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांवर पावट्यासारख्या टपोऱ्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोचं कालवण आणि वाटलेली मिरची. कागदात गुंडाळून हातात देतात. घरी फोन लावून आपण सांगतो, "अगं, पुरणपोळीच, फक्त गूळ नाही."

अशा ठिकाणी रुळायला वेळ तो काय लागणार? माझा अनुभव उलटा आहे. परका वाटणारा देश पहिल्या दिवसापासून कान धरून शिकवतो. ओळखीचा वाटणारा देश मात्र आपल्याला महिनोन्‌महिने पाहुणाच ठेवतो, कारण काही विचारावं असं आपल्याला वाटतच नाही.

साधी दिशांची गोष्ट घ्या. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, वीस अंशांवर आहे. वर्षातला बहुतेक काळ भर दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. पुण्यात जन्म गेलेली बाई घर बघायला गेली की हात आपोआप दक्षिणेकडच्या गॅलरीकडे जातो. वाळत घालायला ऊन तिकडेच, हे अंगात भिनलेलं. इथं ते ऊन उत्तरेच्या बाजूला. वारा आग्नेयेकडून येतो आणि वर्षभर येत राहतो, म्हणून त्या अंगाच्या खिडक्या कशा बसवल्या आहेत हे घर घेताना आधी पाहायचं. आंबा आणि लिची नाताळच्या सुमारास, थंडी जुलैत. पोर्ट लुईत घामाच्या धारा लागलेल्या असताना डोंगरावरच्या क्यूरपीपमध्ये भुरभुर पाऊस आणि अंगात स्वेटर, आणि दोन्हींमधलं अंतर वीस किलोमीटरही नाही.

त्या सर्द, ढगाळ क्यूरपीपला एवढी वस्ती का, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. उत्तर 1860च्या दशकात आहे. तेव्हा बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली. 1867 मध्ये तर हजारोंनी माणसं गेली आणि ज्यांना परवडलं ते पोर्ट लुई सोडून वर, डासांपासून दूर राहायला गेले. या आठवणीचा धागा आजच्या दिवसापर्यंत पोचतो. आम्ही आल्यावर काही दिवसांतच आरोग्य खात्याचे निरीक्षक दारात उभे राहिले. भारतातून आलात, रक्ताचा नमुना द्या. माझ्याबरोबरच्यांना ते खटकलं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. या देशानं 1973 मध्ये मलेरियामुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळवलं, 1975च्या चक्रीवादळानंतर रोगानं पुन्हा डोकं वर काढलं आणि तो यांनी पुन्हा हटवला. असं घर राखणाऱ्यांनी आलेल्याची चौकशी केली तर बिघडलं कुठे? त्यांनी बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेतला, कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणी ओतून टाका म्हणून बजावलं आणि ते पुढच्या घरी गेले. या देशाशी माझी पहिली खरी ओळख ती.

घरंही अशीच बोलकी. कौलारू छप्पर शोधाल तर क्वचित सापडेल. जिकडेतिकडे सपाट स्लॅबची, काँक्रीटची घरं. 1960च्या जानेवारी-फेब्रुवारीत अ‍ॅलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. लाकडाची आणि पत्र्याची घरं उडाली, त्यानंतर लोकांनी काँक्रीट धरलं. ही घरं दिसायला रुक्ष आहेत असं म्हणणाऱ्यानं एक रात्र वादळात काढावी. रेडिओवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाचा इशारा ऐकून पाणी कधी भरायचं, मेणबत्त्या कधी काढायच्या, बाहेरच्या खुर्च्या कधी आत घ्यायच्या, हे शेजारच्या बाईंकडून शिकावं लागतं. 2024च्या जानेवारीत बेलाल वादळानं राजधानीचे रस्ते पाण्याखाली घातले. त्यामुळे ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, मराठी माणसांबद्दल. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर उतरले. त्यांतले काही मुंबई बंदरातून निघालेले मराठी होते. त्यांचे वंशज शाळेत मराठी शिकतात, गणपती बसवतात, गणेशोत्सवात झाकरी नाचतात, लग्नानंतर गोंधळ घालतात. आपल्याकडून आलेला पाहुणा हे बघून भारावतो, इथवर ठीक. मग तो परीक्षक होतो. उच्चार तपासतो, आरतीतली चाल सुधारतो आणि "किती छान जपलंय हो तुम्ही!" असं शाबासकीच्या सुरात म्हणतो. मला ते ऐकवत नाही. या लोकांनी आपली वस्तू कपाटात जपून ठेवलेली नाही. उसाच्या मळ्यांत राबून, इथली क्रेओल भाषा बोलत, निरनिराळ्या धर्मांच्या आणि वंशांच्या शेजाऱ्यांबरोबर पिढ्या काढून त्यांनी स्वतःचं मराठीपण घडवलं. त्याचा कस लावायला आपण कोण? कोकणातल्या जाखडीशी झाकरीचं नातं आहे हे खरं, पण आज ती कशी नाचायची हे त्यांनी ठरवायचं. आपण मांडी घालून बघावं आणि जमलं तर ठेका धरावा.

म्हणून मी अलीकडे एक पथ्य पाळते. नव्यानं आलेलं कुणी विचारतं, आधी काय पाहू? 2 नोव्हेंबरला, करारबद्ध मजुरांच्या आगमनदिनी, घाटावर जाच, असं मी सांगतेच. ते तर आपल्या माणसांचं ठिकाण. पण 1 फेब्रुवारीही विसरू नका म्हणते. 1835 मध्ये त्या दिवशी इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा उभा कातळ आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आसरा घेत. तिथं आपल्या ओळखीचं एकही नाव नाही, देऊळ नाही, चव नाही. आल्या आल्या तिथं जावं आणि बरोबर क्रेओल बोलणारं कुणीतरी न्यावं.