चंद्रपूरची चूल

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात विजेवरच्या गाडीची बोलणी चालली आहेत. मुलगा हप्त्यांचं बोलतो, सून एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारते, आणि माझा प्रश्न आला की दोघं एकमेकांकडे बघतात. मी विचारते, या गाडीनं हिंसा कमी होते की नुसती डोळ्यांआड होते?

हा म्हातारपणीचा चाळा नाही. आम्ही स्थानकवासी जैन. नगर (पाटीवर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) म्हणजे आचार्य आनंदऋषीजी महाराजांचं गाव. 1900 साली जिल्ह्यातल्याच चिचोंडीत त्यांचा जन्म झाला आणि 1992 मध्ये ते इथंच देवलोकी गेले. अशा गावात चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवायचं आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचं, म्हणजे विजेचे दोन अर्थ एकाच डोक्यात नांदवायचे. वर्गात ती इलेक्ट्रॉनांचा प्रवाह. धर्मस्थानकात ती तेउकाय, म्हणजे जिचं शरीरच अग्नी आहे अशी जीवसृष्टी.

आगमांत अग्निकायाचे जे प्रकार सांगितलेत त्यांत निखारा, ज्वाला, उल्का यांच्याबरोबर आकाशातली वीज आहे. तारेतली वीज त्यात धरायची का, यावर आमच्यात एकमत नाही. तेरापंथातल्या विद्वान मुनींनी ती निर्जीव असल्याचं मांडलंय. आमच्याकडे बहुतेक साधू-साध्वी ती सजीव धरूनच वागतात. 1952 मध्ये राजस्थानात सादडीला श्रमणसंघ स्थापन झाला. आनंदऋषीजी त्याचे दुसरे आचार्य. प्रवचनाला ध्वनिवर्धक वापरावा की नाही यावर त्या संघात पुढे कितीतरी वर्षं वाद झाले. बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. पण एक समाज स्विच दाबण्याआधी थांबून, यात कुणाचा जीव जातो का, असं विचारत होता. हवामान बदलाच्या परिषदा भरायच्या किती आधी!

घरात याचा अर्थ रोजचा असतो. महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, गोचरीला (भिक्षेला) आल्या की ज्याच्या खिशात मोबाइल किंवा मनगटावर सेलचं घड्याळ, तो माणूस असूझता. त्यानं आहार वहोरावायचा, म्हणजे पात्रात वाढायचा, नाही. आमच्याकडे दाराशी एक फळी आहे. ‘पधारो’ म्हणायच्या आधी सगळ्यांची घड्याळं तिच्यावर जातात. आता जिथं घड्याळातल्या सेलची ही कथा, तिथं अंगणात पंचेचाळीस युनिटांची बॅटरी उभी करायची. मुलगा म्हणतो, ती अंगणात असेल, स्वयंपाकघरात नाही. खरं आहे. पण माझं मन एवढ्यानं भागत नाही.

शोरूम बघून झाली. विजेवरच्या गाड्यांचा बाजार एवढा भरलाय हे मला माहीतच नव्हतं. टाटांच्या टियागो, पंच, नेक्सॉन, कर्व्ह, हॅरियर. महिंद्रांची चाकणला बनणारी बीई सिक्स, जिचं तोंड बघून नात म्हणाली, ‘दादी, ही रागावलीय.’ एमजीची कॉमेट, एवढीशी, की माझे गुडघे तिच्यावर खूश झाले. ह्युंदाईची क्रेटा. चीनची बीवायडी, व्हिएतनामची व्हिनफास्ट. टेस्लानं जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं, पण ते आमच्या बोलण्यात फक्त चेष्टेपुरतं येतं. विक्रेते पोरगेलेसे आणि गोड. प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: ‘काकू, झीरो एमिशन.’ अगदी शून्य! आमच्यात एवढा दावा केवलज्ञान्याबद्दलही जपून करतात.

विंडसर या गाडीनं मात्र माझी रात्रीची झोप घालवली. सप्टेंबर 2024 मध्ये ती आली तेव्हा कंपनीनं वेगळाच सौदा मांडला होता: गाडी 9 लाख 99 हजारांना घ्या, बॅटरी भाड्यानं, किलोमीटरमागे साडेतीन रुपये. मुलगा वकिली थाटात म्हणाला, ‘मम्मी, बॅटरी आपल्या मालकीचीच नाही. तुझ्या परिग्रहात मोजायची नाही आणि तिचं पापही आपल्याला नाही.’ मी त्याला पंधरा कर्मादानं म्हणायला लावली. श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे, लहानपणी पाठ केलेले. त्यांत भाडीकम्म आहे, वाहनं भाड्यानं लावण्याचा धंदा. तो म्हणाला, ‘मग ते कंपनीला लागेल, मला नाही.’ हुशार आहे. पण ती यादी म्हणता म्हणता मलाच घाम फुटला.

इंगालकम्म, कोळशाचा धंदा: आपल्या राज्यातली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते. फोडीकम्म, जमीन फोडणं: तो कोळसा जिथून निघतो त्या खाणी. आणि यादीच्या शेवटाकडे सर-दह-तलाय-सोसणया, सरोवरं, डोह, तळी आटवणं. लहानपणी मला कळायचं नाही की तळं आटवून कुणाला काय मिळत असेल. आता कळलं. चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात मोठमोठ्या हौदांत आटवतात आणि त्यातून लिथियम काढतात. त्या खाऱ्या तळ्यांवर रोहित पक्षी जगतात. अडीच हजार वर्षांपूर्वी गंगेच्या खोऱ्यात केलेल्या यादीत माझ्या सुनेची गाडी सापडावी, याचा मला धक्का बसला आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

गाड्यांत फरक नाही असं नाही. नेक्सॉन, विंडसर, बीई सिक्स, बीवायडी यांच्या बॅटऱ्या लोह-फॉस्फेटच्या आहेत, म्हणजे त्यांत कोबाल्ट नाही. काँगोतल्या ज्या खाणींत मुलं राबतात तिथवर त्यांचा हात पोचत नाही. लिथियम मात्र सगळ्यांत. मी हे विक्रेत्याला विचारलं तर त्यानं मला सनरूफ उघडून दाखवलं. आमच्या नगरजवळ व्हीआरडीई आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. नव्या गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक. ब्रेकची, अंतराची, बॅटरीच्या सुरक्षिततेची परीक्षा होते. मी विचारते त्याची होत नाही, आणि ती त्यांच्याकडून मागणंही चूक.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे पाप तीन तऱ्हांनी मोजतात: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, कुणी केलेल्याला अनुमोदन देणं. पेट्रोलच्या गाडीत आग माझ्या पायापासून हातभर अंतरावर पेटते. ते करणं झालं. विजेच्या गाडीत आग पेटतच नाही. ती पेटते चंद्रपूरला, 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात, नाहीतर शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला. ते करवणं. करण्यावरून करवण्यावर सरकल्यानं पापाची रक्कम घटते असं मला कुणी शिकवलेलं नाही. उलट स्वतः करताना निदान आच लागते, धूर नाकात जातो. करवताना हात स्वच्छ राहतात आणि म्हणून माणूस जास्त करवतो.

हे मी मोठ्या ठसक्यात जेवताना मांडलं. तर सून, ती एरवी अशा वादात पडत नाही, वरण वाढता वाढता म्हणाली, ‘मम्मी, मग महाराजसाहेबांचं काय? चूल आपण पेटवायची, आहार त्यांनी घ्यायचा. त्यांचं नगर तेच चंद्रपूर झालं ना?’

दोन दिवस मी या प्रश्नाला चिकटून होते. प्रश्न खरा आहे. साधूचं अग्नीला न शिवणं गृहस्थाच्या चुलीवर उभं आहे. पण मग नियम आठवा. साधू सांगून येत नाही. त्याच्यासाठी म्हणून केलेला आहार त्याला चालत नाही. तसा केलाय असा संशय आला तरी तो पात्र मागे घेतो. घरात जे शिजलंच होतं त्यातला थोडा वाटा, तोही असा की घरच्यांना पुन्हा शिजवावं लागू नये. नाही मिळालं तर त्या दिवशी उपास. म्हणजे त्याच्या भुकेनं कुणाच्या चुलीत एक काटकी जास्त पडत नाही. करणं नाही, करवणं नाही, अनुमोदन नाही, ते असं.

वीज याच्या नेमकी उलटी वागते. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण असा विचार कधी केला नव्हता. जाळ्यातली वीज कोठारात भरून ठेवलेली नसते. जेवढी मागणी तेवढी त्याच क्षणाला तयार करावी लागते, नाहीतर वारंवारता पन्नास हर्ट्झवरून ढळते. मुंबईजवळ कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात माणसं अहोरात्र हा तोल सांभाळत बसलेली असतात. म्हणजे रात्री अकराला मी गाडी लावली की ती मागणी कुठल्या ना कुठल्या केंद्राला पुरवावी लागते, आणि रात्री सूर्य नसतो. माझा प्लग म्हणजे सांगून जेवायला जाणं. माझ्या नावानं, माझ्यासाठी, तव्यावर नवी पोळी.

मग मला वाट दिसली ती गच्चीवर. 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हा आम्ही तीन किलोवॉटची पॅनलं बसवली. 78 हजार अनुदान मिळालं. भर दुपारी घरात पंखा आणि फ्रीज सोडला तर वीज खाणारं कुणी नसतं, बाकीची जाळ्यात जाते. त्या वेळची गच्चीवरची वीज ही शिजलेल्यातला वाटा म्हणण्याच्या सगळ्यांत जवळ जाते. पॅनल बनवतानाही भट्टी पेटलीच होती, मी विसरलेली नाही. पण ऊन माझ्यासाठी पडत नाही, माझ्या सांगण्यावरून वाढत नाही आणि ढग आले तर उपास.

मुलानं लगेच हिशेब दाखवला: नेट मीटर आहे, दुपारी दिलेली युनिटं महावितरण रात्री परत देतं, कागदावर एकच. कागदावर एकच, मान्य. दुपारी दिलेल्याचं पुण्यही मान्य, शेजाऱ्याच्या एसीला तेवढा कोळसा कमी लागला असेल. पण रात्री जी आग पेटली ती पेटली. जमाखर्च जुळला म्हणून निखारा विझत नाही. त्यावर तो म्हणाला, तू सौदा बिघडवतेस.

प्रवासातल्या चार्जिंगचा विषय त्यानंच काढला. पुण्याच्या वाटेवर जलद चार्जर आहेत, पाऊण तासात गाडी बरीच भरते. ‘तुझं सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. गाडी चार्ज, तूही चार्ज.’ सामायिकात, त्या समभावाच्या बैठकीत, विजेचा संघट्टा, म्हणजे स्पर्श, चालत नाही, आणि हा मला चार्जरला टेकवून बसवणार! हसले मी खूप.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कंपनीच्या पत्रकात नाही आणि तिच्यापुढे मोटार कसली हे गौण आहे. पावसाळ्यात रात्री नगर-मनमाड रस्त्यानं या. काचेवर काय चिकटतं ते सकाळी बघा. साधू चार महिने एका जागी राहतात ते याच जिवांसाठी. काच पेट्रोलच्या गाडीलाही तीच आणि विजेच्याही. शिवाय गल्लीत सावकाश जाणारी ही गाडी इतकी गुपचूप येते की सावलीला झोपलेलं कुत्रं उठत नाही. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला कमी वेगात आवाज करणं सक्तीचं आहे. विहारात रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या साध्वींना गाड्यांनी उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या चालताना चार हात पुढची जमीन बघतात, मागचं नाही.

म्हणून माझा कल कंपनीपेक्षा आकड्याकडे. आम्ही रोज सकाळी चौदा नियम धारतो. त्यांत एक वाहनाचा, एक दिशेचा. आज किती वाहनांत बसेन, कुठवर जाईन. उपासकदशांगातला आनंद श्रावक भगवान महावीरांपुढे मर्यादा घेतो ती पाचशे गाड्या दूरच्या वाटेला आणि पाचशे जवळच्या वाहतुकीला. एवढा धनवान, पण आकडा बोलला आणि तिथं थांबला. माझं पहिलं वाहन लुना. ती 1972 मध्ये बाजारात आली. शाळेत जाणाऱ्या आम्हा बायकांना तिनं पाय दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये तीही विजेची होऊन परत आली. पण लुना होती तेव्हा घरात लुनाच होती. आता एक वॅगन आर, दोन स्कूटर, आणि त्यांत ही. माझी अट ही की नवी आली तर दोन जातील. मुलगा म्हणाला, जुन्या विकल्या तर त्या दुसरा कुणीतरी चालवणारच. तेही करवणंच की! याला उत्तर माझ्याकडे नाही. भंगारात द्याव्यात तर धडधाकट गाड्या मोडल्याचं वेगळं वाईट वाटतं.

नेक्सॉन ठरली, बॅटरी विकतची. गाडी सुनेची; तिची राहुरीला सकाळची शाळा आहे, जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, दहा-बारा युनिटं. दीडला ती घरी पोचते. तोवर गोचरीची वेळ उलटलेली असते, ऊन अजून चांगलं असतं. प्लग मागच्या भिंतीला. चारपर्यंत भरेल तेवढं भरायचं, सूर्य उतरला की काढायचं, रात्री लावायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आपलं पुढचं काढलं: आषाढात आठवडा आठवडा ऊन पडत नाही. चातुर्मासच तो, तेवढे दिवस गाडीलाही उपास घडवू.

‘मम्मी,’ सून म्हणाली, ‘शाळा काय ढगांना विचारून भरते?’