नुसतं सांभाळतात

गेल्या मे महिन्यात मुलाला छंदवर्गातून आणायला गेले होते. साडेबारा वाजलेले, पुण्याचं ऊन डोक्यावर, आणि फाटकाशी जेवढी सावली होती तेवढ्यात आम्ही दहा-बारा आया आणि दोन आजोबा दाटीवाटीनं उभे. शेजारी उभी असलेली एक आई म्हणाली, "इथे शिकवत काही नाहीत हो. नुसतं सांभाळतात." मी लगेच मान हलवली. साडेचार हजार भरले होते, दहा दिवसांतले सात संपले होते आणि मुलानं घरी जेमतेम एक कागदी बेडूक आणला होता. पण घरी येईपर्यंत तो 'नुसतं' पायात मोडलेल्या काट्यासारखा सलत राहिला. का सलतोय, हे कळायला मला वर्ष लागलं.

उन्हाळी शिबिरांचा बाजार झालाय, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. मार्च संपत आला की पेपरच्या घडीतून पत्रकं गळतात, सोसायटीच्या ग्रुपवर रंगीत जाहिराती येतात, दहा दिवसांत बारा कलांची हमी मिळते. क्ले, ओरिगामी, गॅसशिवाय स्वयंपाक, झुंबा, वैदिक गणित. शेवटच्या दिवशी प्रदर्शन आणि प्रमाणपत्र. हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे, त्यात मी अडकत नाही.

मी शिबिरं पारखत आले ती दोन क्रियापदांवर. मराठीत 'रमणं' आहे आणि 'रमवणं' आहे. मूल रमतं तेव्हा कर्ता ते मूल असतं. मुलाला रमवतात तेव्हा कर्ता दुसराच कुणीतरी असतो आणि मूल कर्म होऊन बसतं. बहुतेक शिबिरं मुलांना रमवतात. दर पंचेचाळीस मिनिटांनी टाळी वाजते, हातातलं काढून घेतलं जातं, नवीन हातात दिलं जातं. रमायला लागलेल्या मुलाला त्यातून उठवावंच लागतं, कारण पुढची कला दारात उभी असते. ज्या शिबिरात मुलाला रमायला वेळ मिळतो ते चांगलं, एवढं साधं माझं माप होतं. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण एप्रिलमध्ये चौकशीला गेल्यावर त्या मापाचा काही उपयोग होत नाही. रमणं आधी दिसत नाही, नंतरही दिसत नाही. "आज काय केलंस?" विचारलं की मूल म्हणतं, "काही नाही." खूप रमलेलं मूलही तेच म्हणतं आणि दिवसभर कोपऱ्यात बसून राहिलेलंही तेच.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एका नावाजलेल्या, महागड्या शिबिरात मुलाला घातलं होतं. तिथून रोज काहीतरी घरी यायचं. आइस्क्रीमच्या काड्यांची एक फोटोफ्रेम अजून माझ्या टेबलावर आहे. चारही कोपरे काटकोनात, डिंकाचा एक ओघळ नाही, वर काचेच्या टिकल्या मोजून मापून एका अंतरावर. सहा वर्षांच्या मुलाचा हात असा चालत नाही. ती फ्रेम एका मोठ्या माणसानं केली होती आणि मुलानं शेवटची टिकली चिकटवली होती. तेव्हा मी ती कौतुकानं सगळ्यांना दाखवली. पण त्या दहा दिवसांत आणखी एक गोष्ट रोज घरी येत होती आणि ती मी पाहिलीच नाही. पाण्याची बाटली. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच भरलेली यायची. झाडाला पाणी ओतून मी ती विसळून ठेवायची. शिबिर संपल्यावर तीन आठवड्यांनी, झोपताना, त्यानं आपणहून सांगितलं. संडास खाली होता, एकट्यानं जावं लागायचं, आतली कडी लागत नव्हती. म्हणून तो पाणीच पीत नव्हता. मे महिन्यात, चाळीस अंशांत, दहा दिवस. शिबिरवाल्यांनी अभिप्रायाचा फॉर्म पाठवला होता, त्यात कलांबद्दल, साहित्याबद्दल, प्रशिक्षकांच्या कौशल्याबद्दल प्रश्न होते. मी सगळीकडे पाचपैकी पाच दिले होते.

फाटकाशी मान हलवली तेव्हा हे मी विसरले होते. कागदी बेडूकवाल्या त्या शिबिरात एक ताई मुलांबरोबर खाली जायची आणि दाराबाहेर उभी राहायची. बाटली रिकामी यायची.

आता माझ्या मामांबद्दल सांगायला हवं, कारण या विषयावर माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. त्यांचं गाव कराडजवळ. आम्ही भावंडांनी प्रत्येक मे महिना तिथे काढला. मामा आज ऐंशीला टेकलेत आणि शिबिर हा शब्द ऐकला की अजून चिडतात. "चौदा-चौदा पोरं आम्ही सांभाळली, कुठे पैसे मोजले?" त्यांच्या मते आमची पिढी मुलांना विकत सांभाळायला देते, आणि विकतचं प्रेम ते विकतचंच.

मामा, त्या दुपारी कुणी आखलेल्या नव्हत्या, आंब्याखाली आम्ही तासन्‌तास स्वतःच काही शोधून काढत होतो आणि ते रमणं मी माझ्या मुलाला कुठल्याही शिबिरातून देऊ शकणार नाही, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. पण चौदा पोरं 'आम्ही' सांभाळली हे खरं नाही. मामीनं सांभाळली. पहाटे पाचला चूल पेटायची. कुरडयांचा चीक, सांडगे, वर्षाचं तिखट, त्यातच चौदा जणांच्या भाकऱ्या. दिवेलागणीला मामी ओट्यावर उभी राहायची आणि तर्जनीनं हवेत डोकी मोजायची. चौदा भरली की आत जायची. एकदा तेराच भरली. ती पुन्हा मोजत होती तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही दिसतो. मावसभाऊ गोठ्याच्या माळ्यावर कडब्यात झोपलेला सापडला. तोवर दोन माणसं कंदील घेऊन विहिरीकडे गेलेली होती. मे महिन्यात विहिरीत बुडालेल्या मुलांच्या बातम्या तेव्हाही यायच्या, आजही येतात.

परवा मामीला विचारलं, त्या उन्हाळ्यांचं तुला काय आठवतं? ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर दोन दिवस मी झोपून असायची." मामा समोरच बसले होते. त्यांना हे पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

तेव्हाही शिबिर होतंच. ते एका बाईच्या अंगावर चालायचं आणि तिला त्याचं मोल कुणी दिलं नाही. आज तेच काम एखादी बावीस वर्षांची मुलगी करते, आणि पैसे मोजावे लागतात म्हणून आपण विचारतो, वसूल झाले का? आणि वसुली शोधतो ती फोटोफ्रेममध्ये.

आपला कायदाही सांभाळण्याकडे असाच अर्धवट बघत आलाय. १९४८च्या कारखाना कायद्यानं स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं, पण सहा वर्षांखालच्या मुलांपुरतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागली, तीही लहानग्यांचीच. मूल सातव्या वर्षात गेलं की ते शाळेचं झालं, असं गृहीत धरलेलं आहे. मात्र शाळा उन्हाळ्यात दीड महिना बंद असते आणि त्या दीड महिन्यात आईवडिलांपैकी कुणाचंच ऑफिस बंद नसतं. ही फट प्रत्येक घरानं आपापल्या ऐपतीनं बुजवायची. ज्यांची ऐपत नाही त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन बांधकामाच्या कडेला बसलेली दिसते.

त्या मुलीवरून थोडं दूर जाते, पण ते दूर नाही. त्या महागड्या शिबिरातून घरी आलेल्या वस्तूंमध्ये मुलाचं एक वारली चित्र होतं. पुठ्ठ्यावर गेरू, त्यावर पांढऱ्या रंगानं नाचणारी माणसं. ते पाहताना मला कोसबाड आठवलं. डहाणूच्या त्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळा चालवली. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये काम बोर्डीला नेलं आणि १९५७ मध्ये कोसबाडला. मूल बालवाडीत येत नाही म्हणून त्यांनी बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर नेली. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते, हे पाहिल्यावर प्राथमिक शाळेला बालवाडी आणि पाळणाघर जोडलं. अंघोळ, नखं, केस ही तिथली आधीची कामं होती, अक्षरं त्यानंतर. बालशिक्षणाचं एवढं शास्त्र जाणणाऱ्या त्या बाईंनी सांभाळण्याला 'नुसतं' म्हटलं नाही. ते झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. आणि त्याच डोंगरातलं चित्र माझ्या मुलाला पंचेचाळीस मिनिटांत उरकायला लावलं गेलं.

रमणं श्रेष्ठ, शिकणं दुय्यम, सांभाळणं किरकोळ, अशी उतरंड मी मनात धरून होते. आता ती मला उलटी दिसते. ज्या मुलाला लघवीला जायची भीती आहे ते रमणार नाही आणि शिकणारही नाही. शिबिरानं माझ्या मुलाला काय शिकवलं हे विचारायचा हक्क मला तेव्हाच आहे, जेव्हा त्यानं त्याला नीट सांभाळलेलं आहे. आणि नीट सांभाळलं असेल तर तो प्रश्न मी विचारला नाही तरी चालेल.

म्हणून माझी विनंती आहे. एप्रिलमध्ये चौकशीला जाल तेव्हा वेळापत्रक हातात घेऊ नका. संडास बघा, कडी लावून बघा. एका ताईमागे किती मुलं ते विचारा. जिने किती, दारं किती, मोजा, आणि सहलीला मुलांना कुठे नेणार तेही विचारा. २५ मे २०२४ रोजी, ऐन सुट्टीत, राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि मुलांसह पंचवीसहून अधिक माणसं गेली. त्या जागेला अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्रही नव्हतं. आणि शेवटी आणखी एक गोष्ट विचारा, जी विचारायला आपल्याला संकोच वाटतो: इथल्या ताईंना दिवसाचे किती पैसे देता? आपल्या मुलांची डोकी मोजणारी मुलगी अर्धपोटी राबत असेल तर मामीचीच गोष्ट पुन्हा सुरू राहते.

यंदा मी तीन ठिकाणी हे विचारलं. दोन ठिकाणी विषय बदलला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी वही उघडून आकडा दाखवला. मुलाला तिथे घातलंय.