शिळा पाव व आपला मान

बाजाराच्या गांवीं कित्येक भट्टीवाले आदल्या दिवशींचा उरलेला पाव कमी किंमतीस विकतात. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें तो घेतात. कित्येकांस मात्र त्याची लाज वाटते. वाडवडिलांनीं शिळे तुकडे खाल्ले, आतां आपण पैसे मोजून पुन्हां तेंच खावें काय, असें ते विचारतात. प्रश्न थोड्या पैशांचा दिसतो, परंतु तो जुन्या जखमेंतून निघालेला आहे. म्हणून त्याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे.

आमच्यापैकीं अनेकांचे पूर्वज गांवकीचें काम करीत आणि त्याबद्दल घरोघर फिरून भाकरी मागून आणीत. ती बहुधा उरलेली, शिळी असे. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं असे उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्याचा उपदेश केला, तो यथार्थच होता.

परंतु त्या भाकरींत वाईट काय होतें? शेतकरीही रात्रीची भाकरी सकाळीं चटणीबरोबर खाऊन शेतावर जातो, आणि त्यास कोणी हीन म्हणत नाहीं. वाईट हें होतें कीं, कष्टाची मजुरी भीक म्हणून देण्यांत येई, आणि घेणारास नको म्हणण्याची सोय नसे. दुकानांत भाव उघड असतो, आपण दाम देतों, आणि न पटल्यास परत फिरतों.

शास्त्राची साक्षही हीच आहे. निवासमंडपांत देवासमोर बारा भाकरी मांडीत व प्रत्येक शब्बाथीं त्या बदलीत, असें लेवीयाच्या २४ व्या अध्यायांत सांगितलें आहे. काढलेल्या भाकरी आठवड्याच्या शिळ्या असत. तरी त्या परमपवित्र गणून याजकांनींच खावयाच्या असत. दावीद भुकेला असतां अहीमलेख याजकानें त्यास त्याच दिल्या, आणि प्रभु येशूनें त्या गोष्टीचा दाखला दिला. तेव्हां केवळ शिळें झाल्यानें अन्न हलकें ठरत नाहीं.

तथापि तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, विकणारानें शिळें तें शिळें म्हणूनच सांगावें. गिबोनकरांनीं बुरसलेली भाकरी दाखवून यहोशवास ठकविलें. शिळा पाव ताजा म्हणून विकणारा त्यांचाच भाऊ होय. कडक झालेला पाव तव्यावर गरम केल्यानें पुन्हां मऊ होतो. परंतु बुरशी आलेला पाव खरडून उपयोग नाहीं, कारण तिचे तंतू आंत शिरलेले असतात. तो विकूं नये, व स्वस्त म्हणून मुलांस देऊं नये.

दुसरी, घेणारानें ठरलेला भाव द्यावा. मालास नांवें ठेवून भाव आणखी पाडावयाचा आणि मग फुशारकी मारावयाची, हा दोष नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायांत दाखविला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. आतां आमच्यांतही कित्येक पगारदार झाले आहेत. त्यांच्या दारीं मोलकरीण येते, गडी येतो. ताजा पाव आपल्या ताटांत आणि शिळा मोलकरणीच्या हातांत, अशी रीत पडली, तर वाडवडिलांनीं सोसलेलें दुःख आम्हीं दुसऱ्याच्या पदरांत घातलें असें होईल. आंधळा व लंगडा पशु वेदीवर आणणारांस मलाखी संदेष्ट्यानें दोष दिला. देवाच्या लेंकरांस आम्हीं काय देतों, हेंही तो प्रभु पाहतो.

म्हणून बंधुभगिनींनो, शिळा पाव निःसंकोच घ्या. तो घरांतील सर्वांनीं एकत्र बसून खावा, कामकऱ्यास द्यावयाचा तर आपण खातों त्यांतलाच द्यावा, आणि वांचलेल्या पैशांत गरिबाचा वांटा ठेवावा.