कासवीची नजर

आपल्या संतांना कासवी फार प्रिय. चातक, चकोर, मासोळी यांच्या पंगतीत तिचेही पान मांडलेले असते. ती पिलांना पाजत नाही, भरवीत नाही, कुशीत घेत नाही. दूर राहून नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते, अशी जुनी समजूत आहे आणि देवानेही भक्ताकडे असेच पाहावे, अशी त्यावरची मागणी. माझ्या आजीच्या तोंडी हा दाखला नेहमी असे. घरातले कोणी परगावी निघाले, की ती देवापुढे हात जोडून म्हणे, "कासवीची नजर असू दे रे बाबा!"

निवृत्तीनंतर मी कोकणात वेळासला, कासवांच्या अंड्यांची राखण करणाऱ्यांच्या हाताखाली दरसाल काही दिवस राबायला जाऊ लागलो, आणि पहिल्याच हंगामात या समजुतीला तडा गेला. समुद्रातली खरी कासवी पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही! थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात ती वाळूवर येते. मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल, सुरईच्या घाटाचा खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती थोपटून बसवते आणि समुद्राची वाट धरते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असते. पाहणाऱ्याचा कंठ दाटून येतो. पण ते अश्रू नव्हेत. अंगातले जास्तीचे मीठ ती त्या वाटेने बाहेर टाकते. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले वाळूतून वर येतात, तेव्हा आई कुठल्या कुठे गेलेली असते.

मग नजर कोणाची? रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, नाना फडणविसांचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव. तिथे पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली वा विकली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले. आता गावचे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, वल्ह्यांच्या उमटलेल्या खुणांवरून घरटे हुडकतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवतात. काल ज्या हातांनी अंडी उकरली, त्याच हातांनी आज ती पुरून राखावी, हे पाहिले की माणसाविषयी फार निराश होण्याचे कारण नाही असे वाटते. आमच्यासारख्या हौशी मंडळींचे काम त्या मानाने किरकोळ. टोपल्या उचलायच्या, नोंदी करायच्या आणि पिले सोडताना जमलेल्या गर्दीला दोरीपलीकडे थोपवून धरायचे.

अशाच एका संध्याकाळी आठनऊ वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, त्या खेकड्याला पण भूक लागली असेल ना? मग त्याला का हाकललंत?"

लहान मुले प्रश्न विचारतात तेव्हा त्यांत भिडस्तपणा नसतो. मी तिला वेळेपुरते काहीतरी सांगितले, पण प्रश्न माझ्या मागे घरापर्यंत आला. खरोखरच, कासवाचा पक्ष घेऊन खेकड्याच्या तोंडचा घास काढायचा अधिकार मला कोणी दिला? कासव गोजिरवाणे आणि खेकडा ओंगळ, एवढ्यावरच जर माझी दया उभी असेल, तर ती दया नव्हे, आवडनिवड झाली. शिवाय कासव हा विष्णूचा अवतार, त्याने मंदराचल पाठीवर पेलला, देवळात गाभाऱ्यासमोर त्याची मूर्ती असते, हे सगळे खरे असले तरी खेकड्याच्या पोटाला त्याचे काय?

पुष्कळ विचार केल्यावर मला उत्तर सापडले ते कासवीच्याच हिशेबात. ती एकदोन नव्हे, शंभर अंडी घालते. हजार पिलांतून एखादेच मोठे होते असे जाणकार म्हणतात. म्हणजे खेकडा, कोल्हा, घार, मोठा मासा या साऱ्यांचा वाटा तिने आधीच बाजूला काढून ठेवलेला आहे. लाखो वर्षे तो व्यवहार चोख चालला. तिच्या हिशेबात नव्हतो ते आपण. आपल्या वस्तीच्या आश्रयाने वाढलेली कुत्री, आपली टोपली, किनाऱ्यावरचे आपले दिवे, आणि पाण्यातली आपली जाळी. कासव श्वास घ्यायला वर येते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, की समुद्रात राहणारा हा जीव पाण्यातच गुदमरून मरतो. तेव्हा किनाऱ्यावर आपण जे करतो, ते कासवावर उपकार म्हणून नव्हे. ती जुन्या देण्याची फेड आहे. फार घेतले म्हणून थोडे परत करायचे. कुंपणापासून पहिल्या लाटेपर्यंत खेकडा दूर ठेवायचा, तो या फेडीपुरता. लाटेपलीकडे माशाने मासेपण करावे. तिथे आपण कोणाला हाकलायला जात नाही.

उपकार आणि फेड यांत फरक मोठा आहे. उपकार करणाऱ्याला थांबावेसे वाटत नाही. पिलू वाळूत अडखळले, की गर्दीतून हमखास आवाज येतो, "अहो, उचलून पाण्यात सोडा ना!" पण त्याला चालू द्यावे लागते. त्या चालीतच त्याला आपल्या किनाऱ्याची ओळख पटत असावी, असे अभ्यासक मानतात. देणे फेडणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की आपला हात कुठवर जायचा. आणि आपला हात जड आहे, हेही त्याने विसरू नये. घरट्यातून अंडी काढताना ती उलटीसुलटी झाली, तर आतला जीव दगावू शकतो. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. साधारण तीस अंशांच्या आसपास हा काटा इकडचा तिकडे होतो. म्हणजे आपण कुंपण उन्हात घातले की सावलीत, एवढ्यावर एका पिढीचे नरमादी ठरायचे! चांगले करायला गेलेल्या माणसाने यापुढे थोडे नम्र व्हायला हवे.

फेडीचा भार कोणी उचलायचा, हाही प्रश्न आहे. शहरातून आलेला मी चार छायाचित्रे काढून आणि उकडीचे मोदक खाऊन परत जातो. जाळ्यात कासव सापडले, तर जाळे कापून त्याला सोडायचे असते कोळ्याला. त्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर. महाराष्ट्र शासन २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्याबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते, हे मला फार उचित वाटते. सर्वांचे देणे एकट्याच्या जाळ्यातून वसूल करणे हा धर्म नव्हे. करुणा दाखवायची आपण आणि किंमत मोजायची दुसऱ्याने, असला पुण्याचा व्यवहार आपल्याकडे पूर्वीपासून पुष्कळ चालतो.

"आणि यातून तुम्हाला मिळते काय?" असे आमच्या घरातून दरवर्षी विचारले जाते. हातचे पिलू लाटेत शिरले, की ते माझे राहत नाही. ते मोठे होऊन अंडी घालायला येईल, त्याला दहापंधरा वर्षे लागतील. मी तेव्हा असेन की नाही कोण जाणे, आणि असलो तरी ओळख कशी पटणार? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. एवढा वळसा घालून ती का आली, हे तिने कोणाला सांगितलेले नाही. ती ओडिशाची म्हणावी की रत्नागिरीची? तिकडच्या राखणदारांनी तिच्यावर हक्क सांगावा की इकडच्यांनी? हक्काची भाषाच जिथे लटकी पडते, तिथे केलेले काम मला निर्मळ वाटते. गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश मी शाळेत पाठ केला होता. पण फळाची आशा सोडणे हा मोठा त्याग आहे असे तेव्हा वाटे. इथे तो त्याग करावाच लागत नाही. फळ दिसतच नाही, मग सोडायचे काय! उरते ते काम, आणि ते करण्याचा आनंद.

हे लिहितो आहे तो दिवाळीसाठी. घरोघर आकाशकंदील उतरतील, त्या सुमारास तिकडे कासवांचे दिवस सुरू होतील. वाळूतून वर आलेले पिलू उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालू लागते, आणि तो उजेड समुद्राचा असतो, या भरवशावर ते चालते. किनाऱ्यावर आपला दिवा अधिक तेजस्वी झाला, की ते फसते. दिवा लावणे हे पुण्य खरे. पण एखादे ठिकाण असे असते, की जिथे तो मालवणे हेच पुण्य.

फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या कुटुंबातही असे एखादे ठिकाण असते. कोणाची मुलगी नोकरीसाठी दूर निघालेली असते, कोणाचा मुलगा आपल्याला न पटणारी वाट धरू पाहत असतो. आपला दिवा त्यांच्या डोळ्यांवर धरण्याचा, उचलून पाण्यात नेऊन सोडण्याचा मोह कोणाला होत नाही? कासवी नजरेने पिले पोसत नाही, हे आता मला ठाऊक आहे. पण नजर ठेवावी आणि हात आवरावा, हे ज्यांनी तिच्या नावावर लिहून ठेवले, त्यांना प्राणिशास्त्र नसेल आले, माया मात्र पुरती कळली होती.