वाचलेल्यांची प्रार्थना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास आम्ही सोलापूरकर धरणीच्या हादऱ्याने जागे झालो. मुलांना कवटाळून अंगणात आलो. घरे उभी होती. त्या अंधारात ओठांवर आले ते आभाराचेच शब्द : परमेश्वरा, तू आम्हांला वाचवलेस.

दिवस उजाडला आणि किल्लारी, सास्तूर ही नावे कानी आली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावे ढिगाऱ्यांखाली गेली होती. जखमी माणसे आमच्याच सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागली. तेव्हा पहाटेचे ते आभार मनाला टोचू लागले. आम्हांला देवाने वाचवले, तर त्यांना कोणी टाकले? त्या दगडमातीखालून कोणी त्याचा धावा केला नसेल काय?

परूशी आणि जकातदार यांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. परूशाची प्रार्थनाही आभाराचीच होती, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. तो काही मागत नाही, कुरकुरत नाही. त्याची चूक एवढीच, की आभार मानताना त्याची नजर शेजाऱ्यावर आहे. जकातदार मान खाली घालून केवळ दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो तोच.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभू येशूने निक्षून सांगितले. किल्लारीतही माणसे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर आल्यामुळे; पापाच्या ओझ्यामुळे नव्हे.

मग संकटातून सुटल्यावर आभार मानू नयेत काय? अवश्य मानावेत. पण वाचणे ही आपल्या पुण्याईची पावती नव्हे, आणि बुडणे हा देवाचा नकार नव्हे. गेथशेमानी बागेत प्रत्यक्ष प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, आणि पित्याच्या इच्छेपुढे मस्तक लवविले. प्याला टळला नाही. तरी पित्याने पुत्राला टाकले, असे कोणता ख्रिस्ती माणूस म्हणेल? नम्र प्रार्थना देवाकडे हिशेब मागत नाही. मात्र ती आपले दुःख त्याच्यापासून लपवीतही नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'मला' हा शब्द नाही, 'आम्हांला' आहे. त्या पहाटे आमच्या तोंडीही तोच शब्द होता, पण तो आमच्या अंगणापुरता होता. सकाळी हॉस्पिटलाच्या दारात उभे राहिल्यावर तो अपुरा वाटू लागला. दुसऱ्याच दिवशी जपमाळेचा महिना सुरू झाला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दरवर्षी ऑक्टोबरात माळ हाती घेताना आपण तो शब्द थोडा अधिक रुंद करावा, जे वाचले नाहीत त्यांनाही त्यात घ्यावे, आणि उठल्यावर जो जखमी जवळ असेल त्याच्याकडे जावे.