उघडं ठेवलेलं खातं

आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. ती विद्यापीठाला द्यायची म्हणून तात्यांनी मला नांदेडहून बोलावून घेतलं. तात्या माझे थोरले काका, वय ८४. मी मोडी वाचते, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. पेटीतून कापडाचे तीन रुमाल निघाले. पहिल्यात कीर्तनकाराची दोन बाडं, दुसऱ्यात कर्जाची खतं आणि तिसऱ्यात एक लांबट वही. पहिले दोन रुमाल तात्यांनी माझ्याकडं सरकवले. तिसरा मांडीवर घेऊन बसले.

"बाडं तू ने," ते म्हणाले. "कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालून आईनं एवढी वर्षं टिकवली. आता पानांना कसर लागली. आपल्याच्यानं होत नाही."

बाडांबद्दल आमचं दुमत नव्हतं. नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यातलं, पण नामदेवांच्या हातचं एक अक्षर आज आपल्यापाशी नाही. जे आहे ते अशा बाडांतून, एका कीर्तनकाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती उतरत आलेलं. पंजाबात त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात जपली गेली. इथं जपणूक झाली ती अशा माळ्यांवर. बाडाला हळदकुंकू लावून काकूंनी ते माझ्या हाती दिलं. खतांवरचे अंगठे ज्यांचे, त्यांची कर्जं कधीच बुडीत निघाली होती. तीही गेली पिशवीत.

"आणि ही?" मी वहीकडं बोट केलं.

"ही जाळावी असं वाटतं."

"तात्या!"

"वाटतं म्हटलं. जाळली असती तर तुला कामून बोलावलं असतं?"

आजोबा हिंगोलीच्या आडतीत मुनीम होते. वही १९४८ सालापासूनची. निजामाच्या रझाकारांच्या धाकानं पैनगंगा ओलांडून आमचं घर उमरखेडच्या बाजूला गेलं, तेव्हापासून ती सुरू होते. कोणाचं घर जळलं, कोणाला मारलं, वाटेत कोणी भाकरी दिली, सगळं तारीखवार. मग १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई, निजामाची शरणागती, गावी परतणं. आणि त्यानंतरची पानं. त्या पानांत आमच्याच गल्लीतली नावं होती. पळून गेलेल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतून कोणी काय उचललं, त्याची यादी.

"बाबांनी लिहिलं खरं," तात्या म्हणाले, "पण कोणी वाचावं म्हणून लिहिलं का? माणूस स्वतःशी बोलतो ते चव्हाट्यावर मांडायचा अधिकार पोराला कोणी दिला?"

"स्वतःशी बोलायचं असतं तर ते मनात बोलले असते. मुनिमानं कागदावर उतरवलं म्हणजे कधी तरी कोणी तरी ताळा घेणार, हे त्यांना माहीत होतं."

"ते तू म्हणतेस. त्यांना विचारायची सोय नाही."

"इतिहासाचार्य राजवाड्यांनाही नव्हती. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तो अशाच घराघरांतल्या रुमालांतून. ज्यांनी ती पत्रं लिहिली त्यांची परवानगी कोण आणणार होतं?"

तात्या जरा थांबून म्हणाले, "वाड्यांतल्या लोकांनी कागद दिले, कबूल. पण त्यांत सनदा होत्या, मोहिमा होत्या, घराण्याचा मान होता. लाजेचा कागद आपल्या हातानं कोणी दिला असेल, तर किती जणांनी?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दफ्तरखान्यात काम करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न टोचायला हवा, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. आपण कागदांवरून इतिहास लिहितो, पण आपल्यापर्यंत येणारे कागद आधी कोणी तरी चाळून दिलेले असतात. माळ्यावरून खाली येताना कितीतरी पानं चुलीत जातात.

मी दुसऱ्या बाजूनं गेले. "तात्या, पोलीस कारवाईनंतर नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती हैदराबाद संस्थानात पाठवली होती. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड होता. तो अहवाल तेव्हा प्रसिद्धच झाला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये."

"मग? इतकी वर्षं बंद होता, गावं शांत राहिली."

"ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी विचारलं का कोणी, शांत होतं का म्हणून?"

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि या कबुलीनंच मी अडचणीत आले, कारण पुढचं त्यांचं बोलणं अधिक खोल होतं. "पण माझी भीती ऐक. या वहीत आधीच्या पानांवर रझाकारांनी आपल्या लोकांचं काय केलं ते आहे. पुढच्या पानांवर आपल्या लोकांनी नंतर काय केलं ते. बाबांनी दोन्ही एकाच शाईनं लिहिलं. उद्या कोणी येईल, मोबाइलवर फोटो काढील. फोटो एकाच पानाचा निघतो, पोरी. एक जण आधीचं पान फिरवील, दुसरा पुढचं. बाबांची वही कोणीच वाचणार नाही."

"म्हणून तर अख्खी वही द्यायची. सुटी पानं नाहीत, निवड नाही. शिवण उसवायची नाही."

"शिवण कागदाची असते. वाचणाऱ्याच्या डोक्याला कोण शिवणार?"

काकूंनी चहा आणला. मी मधला मार्ग काढला, म्हणजे मला तो मधला वाटला. महानुभाव पंथीयांचं उदाहरण दिलं. त्यांनी आपले ग्रंथ जाळले नाहीत आणि उघडेही ठेवले नाहीत. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत मठांमधून सांभाळले. पुढं लिपी उलगडली आणि मराठीला तिचं आद्य गद्य हाती लागलं. "आपणही तसंच करू. वही मोहोरबंद करून देऊ. अमुक वर्षं उघडू नये, अशी अट दानपत्रातच घालता येते."

"किती वर्षं?"

"तीस म्हणा. पन्नास म्हणा."

"म्हणजे मी गेल्यावर. तू म्हातारी झाल्यावर." त्यांनी बोटांवर मोजलं. "ज्यांची घरं लुटली त्यांची पोरं गेलीच असतील. तोवर नातवंडंही जातील. मग ती मोहोर कोणाच्या अब्रूसाठी गं? आपल्याच ना?"

मी गप्प बसले. मोहोरबंद हा शब्द मला तोवर फार सभ्य वाटत आला होता.

शेवटी मी वही मागितली. तात्यांना मोडी येत नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते ऐकलेलं आणि सातव्या वर्षी पाहिलेलं. मी मोठ्यानं वाचू लागले. १९४८ च्या आश्विनातली एक नोंद आली. शेजारच्या पिंजाऱ्याचं नाव, आणि त्याच्याखाली एकच ओळ: जमा, तांब्याचं घंगाळ १.

तात्यांनी डोळे मिटले. "तेच. आपल्या न्हाणीतलं. म्हणून म्हणत होतो जाळावी. गल्लीची नावं पुढं केली मी, पण पोटात हे होतं. आपण पैनगंगेपलीकडं होतो तेव्हा आपल्या दाराला कडी घालून किल्ली त्यानं सांभाळली. आणि तो गेल्यावर त्याचं घंगाळ आपल्या घरी आलं."

"तात्या, थांबा. हे आपल्या घरखर्चाच्या पानावर नाही. त्याच्या नावाचं वेगळं खातं काढलंय आणि त्याच्या खात्यावर जमा धरलंय."

आडतीच्या धंद्यात वाढलेल्या तात्यांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. ज्याच्या खात्यावर जमा, त्याचं आपण देणं लागतो. मी पुढची पानं उलटली. पुढच्या दिवाळीच्या वहीपूजनानंतर पुन्हा तेच नाव: मागील बाकी, घंगाळ १. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. वही संपेपर्यंत, बारा दिवाळ्या, आजोबांनी ती एक बाकी पुढं ओढली होती. लुटून आणलं की सांभाळायला आणलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. मुनीम कारणं लिहीत नाही.

"खातं मिटवलं नाही त्यांनी," तात्या बऱ्याच वेळानं म्हणाले. आवाज बसला होता. "आणि मी जाळायला निघालो होतो."

"मग देऊ या?"

"आपलं पान, हो. पण बाकीच्या घरांचं काय? त्यांच्या आज्यांनी काही पुढं ओढलं असेल नसेल. त्यांच्या वतीनं मी कसा कबुलीजबाब देऊ?"

ही गाठ त्या रात्री सुटली नाही. मी जर्मनीचं सांगितलं. तिथं १९९१ च्या कायद्यानं, पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडून ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला स्वतःची फाइल पाहता येते, मात्र त्याच्या प्रतीत इतर पीडितांची, त्रयस्थांची नावं काळी केलेली असतात. तात्यांनी ते नीट ऐकलं. त्यातली एक गोष्ट त्यांनी उचलली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती.

"म्हणजे आधी हक्क त्याचा, ज्याच्याबद्दल लिहिलंय. संशोधकाचा नंतर." ते माझ्याकडं वळले. "तू मला इतका वेळ द्यायची की नाही तेवढंच विचारतेस. आधी कोणाला दाखवायची, ते विचारलं नाहीस."

खरं होतं. माझ्या डोळ्यांसमोर कपाट होतं, थंड खोली होती, यादीतला क्रमांक होता. १९७२ चा पुरावशेष कायदा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षं झाली की पुरावस्तू मानतो. ही वही २०२३ मध्ये त्या उंबऱ्याशी पोचली, हेही मी मनात मोजून ठेवलं होतं. पिंजाऱ्याची नातवंडं कुठं तरी असतील, हे मात्र मोजलं नव्हतं. नांदेडच्या ज्या विद्यापीठाला मी वही नेणार होते, त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरची, १९९४ सालची, मराठवाडा मुक्तिदिनाची. एका घराला मुक्ती मिळाली त्याच आठवड्यात दुसऱ्या घराची कडी कायमची लागली. वही ज्या कपाटात जाईल तिथं या दोन्ही गोष्टी एकत्र राहाव्यात, असं मला फार वाटतं. आणि ते वाटणं बाजूला ठेवून आधी चार ठिकाणी चौकशी करायला हवी, हेही आता वाटतं.

"हिंगोलीत पिंजाऱ्यांची काही घरं आहेत," तात्या म्हणाले. "त्यांच्या सोयऱ्यांत कोणाला ठाऊक असेल. मी येतो तुझ्यासोबत. तू एकटी गेलीस तर ते सरकारी काम समजतील."

रात्री त्यांनी मला न्हाणीघरात नेलं. घंगाळ उलटं घातलं होतं. काठाखाली बारीक टोचून काढलेली एक ओळ त्यांनी अंगठ्यानं पुसली.

"लहानपणी मला ही नक्षी वाटायची," ते म्हणाले. "मोठेपणी उर्दू शाळेतल्या एका मास्तरांना दाखवली. नाव आहे. पिंजाऱ्याच्या बापाचं."

मी विचारलं, वहीसोबत हेही विद्यापीठाला द्यायचं का.

"नाही," तात्या म्हणाले. "हे कोणाचं आहे ते आपल्याला माहीत आहे."